वृत्त कसं ओळखावं: सगळा घोळ लघु-गुरूत असतो

गण (तीन-तीन अक्षरांचे गट) पाठ असतात, वृत्तांची लक्षणंही पाठ असतात, तरी वृत्त चुकतं. अशा वेळी 'आणखी पाठांतर करा' हा सल्ला निरुपयोगी आहे. चूक बहुतेक वेळा त्याआधीच, लघु-गुरूच्या (उच्चाराला कमी आणि जास्त वेळ लागणाऱ्या अक्षरांच्या) खुणा करताना झालेली असते.

कवितेचे निदान दोन चरण (ओळी) छापील पुस्तकातून जसेच्या तसे उतरवा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका; कवीने ते वृत्तासाठी मुद्दाम बदललेलं असू शकतं.

अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं, पाय मोडलेलं अक्षर मोजायचं नाही. प्रत्येक चरणात अक्षरसंख्या आणि लघु-गुरूंचा क्रम सारखा असेल तर ते अक्षरगणवृत्त. अक्षरं कमीजास्त, पण मात्रांची बेरीज (लघूची 1, गुरूच्या 2) सारखी असेल तर मात्रावृत्त. ओवी-अभंगांचे गण पाडत बसूच नका. मोठ्या अभंगात 6, 6, 6, 4 अशी अक्षरं मोजली की काम झालं.

आता खुणा. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेली अक्षरं लघु (◡), बाकीची गुरू (–). अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षर गुरू. चरणातलं शेवटचं अक्षर लघु असलं तरी गुरू मानतात. इथवर कुणी अडत नाही. अडतं ते जोडाक्षरापाशी.

'जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू' एवढंच शिकवतात आणि तिथेच नुकसान होतं. नियम आघाताचा आहे. 'पत्र' म्हणताना प वर जोर येतो, म्हणून प गुरू. 'पुन्हा', 'तुम्ही', 'तुझ्या' म्हणून पाहा: पु आणि तु वर जोर येत नाही, ते लघुच. 'दर्या' (समुद्र) मधला द गुरू, 'दऱ्या' (डोंगरातल्या) मधला द लघु. रफार आधीच्या अक्षरावर आघात देतो, ऱ्य-ऱ्ह देत नाहीत. म्हणून खुणा करताना ओळ मोठ्याने म्हणा. नुसत्या डोळ्यांनी हे काम होत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जोडाक्षरालाच गुरू करणं. मनाच्या श्लोकांतली ही ओळ पाहा:

म ना स | ज्ज ना भ | क्ति पं थे | चि जा वे
◡ – – | ◡ – – | ◡ – – | ◡ – –

स आणि भ पुढच्या आघातामुळे गुरू झाले, पण ज्ज आणि क्ति स्वतः लघुच राहिले. त्याच श्लोकात पुढे 'सोडूनि द्यावे' आहे. द्या जोडाक्षर असूनही नि लघु, कारण द्या पुढच्या शब्दात आहे. संस्कृतात असा नि गुरू झाला असता. मराठीत शब्द बदलला की आघात सहसा मागे जात नाही. समासात मात्र जातो, तिथे सावध राहा.

जुन्या पुस्तकांतले अनुस्वारही तपासा. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधी उच्चारात नसलेले अनुस्वारही छापत. 'हंसत' असं छापलेलं असलं तरी उच्चार 'हसत', म्हणून ह लघु. 'हंस' पक्ष्यातला हं गुरू.

खुणा बरोबर असतील तर पुढचं काम पाच मिनिटांचं. डावीकडून तीन-तीन अक्षरांचे गट पाडा, 'यमाताराजभानसलगा' वरून गण लिहा (यमाता म्हणजे ◡ – –, म्हणून य गण), उरलेल्या अक्षरांना ल किंवा ग म्हणा. वरच्या ओळीत य य य य आले: 12 अक्षरांचं भुजंगप्रयात.

नाव शोधताना आधी अक्षरसंख्या पाहा. 19 असतील तर बहुधा शार्दूलविक्रीडित: म स ज स त त ग. 17 अक्षरांची वृत्तं बरीच, म्हणून तिथे सुरुवात बघा. पहिली चारही गुरू आणि मग लघूंची रांग असेल तर मंदाक्रांता. एक लघु आणि मागोमाग पाच गुरू असतील तर शिखरिणी. लघु, गुरू, लघु अशी सुरुवात झाली तर पृथ्वी. यतीवरूनही पडताळा येतो: शिखरिणीत सहाव्या अक्षरावर थांबा हवा, मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्या.

एखाद्या गणात गडबड दिसली तर ती ओळ अपवाद समजून सोडून देऊ नका. त्या गणातलं जोडाक्षर आधी पुन्हा म्हणून पाहा, मग दुसऱ्या चरणात त्याच जागी कोणती खूण आहे ते बघा.