खोडदला निघण्याआधी

शाळेची सहल नेताय, तर सगळ्यात आधी मुलांना नीट सांगून ठेवा की खोडदच्या जीएमआरटीत, म्हणजे नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात, डोळा लावून बघायची दुर्बीण नाही. शनीची कडी दिसणार म्हणून आलेलं पोर तिथं हिरमुसतं, आणि ती चूक आपली असते. इथल्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. ते काम दिवसाउजेडीही चालतं, त्यामुळे रात्रीचा मुक्काम लागत नाही.

परवानगी आधी काढा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथं विज्ञान प्रदर्शन भरतं. त्या गर्दीत जायचं असेल तर त्या वर्षीच्या तारखा आणि वेळा बघून घ्या. पुण्यापासून अंतर साधारण ८० किलोमीटर, पण चाकणची कोंडी धरून पहाटेच निघा. नारायणगावला नाश्ता उरकून खोडदच्या रस्त्याला लागा. टोपी आणि पाणी हवंच, कारण अँटेना उघड्या माळावर आहेत.

आता मोबाइल. तो सायलेंटवर नाही, पूर्ण बंद करायचा. स्मार्ट घड्याळ आणि ब्लूटूथचे इयरफोनही. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेली लहर इतकी क्षीण असते की खिशातला फोनसुद्धा तिच्यावर मात करतो. फोन बंद म्हणजे नकाशा नाही, फोनाफोनी नाही. म्हणून वाटेची माहिती, चालकाचा नंबर आणि मुलांची नावं कागदावर उतरवून घ्या, चुकामूक झाली तर कुठं जमायचं ते उतरल्याउतरल्या ठरवा, आणि एकाच्या तरी मनगटावर साधं घड्याळ असू द्या. फोटो काढायचे असतील तर आधी तिथल्या माणसांना विचारा.

आदल्या दिवशी शाळेच्या मैदानात ४५ मीटर दोरी पसरून मुलांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावा. अँटेनाच्या एका तबकडीचा व्यास तेवढा आहे. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आकडा पायांनी मोजला की लक्षात राहतो. तबकडी पत्र्याची नसून तारेच्या जाळीची का, हा प्रश्न त्यांच्या वहीत आधीच लिहून द्या. लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी, म्हणून त्या परततात. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. ही दुर्बीण उभारणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही युक्ती. उत्तर तुम्ही देऊ नका, मुलांना तिथंच विचारू द्या.

फोन पुन्हा सुरू करायचा तो परत नारायणगावात आल्यावर.