घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विसराळूपणा: वयामुळे आहे की डॉक्टरांना दाखवायला हवं?

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, कुणाचं तरी नाव ऐनवेळी सुचत नाही आणि मग अर्ध्या तासाने आपोआप आठवतं, एवढं उतारवयात चालतंच. बघायचं असतं ते बदलाकडे, आणि तोही त्या माणसाच्या स्वतःच्या आधीच्या वागण्याशी ताडून. ज्यांनी आयुष्यात कधी हिशोब ठेवला नाही त्यांचा हिशोब चुकला तर काय विशेष, पण जी व्यक्ती सगळं तोंडी करायची ती आता साधं बिल भरताना अडतेय, हे लक्षात घ्या.

गोळ्यांचा डबा बघा. सोमवारचा कप्पा भरलेलाच आणि गुरुवारचा मंगळवारीच रिकामा, असं वरचेवर दिसलं तर ते नुसत्या विसराळूपणापेक्षा जास्त सांगतं. तोच प्रश्न दहा मिनिटांनी पुन्हा, आणि आधी विचारल्याचा पत्ताच नाही. रोजच्या रस्त्यावर चुकणं, वस्तूचं नाव न आठवून सारखं 'ते हे... ते' करणं, माणसांत मिसळणं बंद करणं, पैसे कुणीतरी चोरले असा संशय घेणं, हेपण त्यातच येतं.

मोबाईलमध्ये तारखेसकट लिहून ठेवा. 'हल्ली फार विसरतात' याचा डॉक्टरांना काही उपयोग होत नाही, काय झालं, कधी झालं, किती वेळा झालं ते लिहा. आणि कृपा करून चारचौघांत 'सांगा बघू आज वार कोणता' असली परीक्षा घेऊ नका, माणूस दुखावतो आणि पुढे लपवायला लागतो.

एक गोष्ट वेगळी. गोंधळ तासाभरात किंवा एकदोन दिवसांत अचानक सुरू झाला तर वाट बघत बसू नका, इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, नवीन औषध असं काहीही असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय किंवा एक हात लुळा पडलाय तर थेट इमर्जन्सी. डोक्यावर पडल्यानंतर काही आठवड्यांनीसुद्धा आत हळूहळू साचलेल्या रक्तामुळे असं होऊ शकतं, त्यामुळे पडल्याचं नक्की सांगा.

डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स न्या, झोपेच्या आणि सर्दीच्यासुद्धा, कारण काही गोळ्यांनीच डोकं जड आणि सुस्त होतं. बी१२, थायरॉईड, साखर बघितली जाते, डिप्रेशन आणि कमी ऐकू येणं हेही तपासायला सांगा. यातली बरीच कारणं सुधारता येतात, म्हणूनच लवकर जायचं.

तिथे बहुतेक छोटी टेस्ट होते. मिनी-कॉग नावाच्या टेस्टमध्ये तीन शब्द लक्षात ठेवायचे, मधे घड्याळ काढून काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावायचे, मग ते शब्द परत सांगायचे. ५ पैकी ३ पेक्षा कमी आले तर पुढची तपासणी. पण हे निदान नाही हं, ही फक्त चाळणी आहे, आणि शिक्षण, भाषा, नजर यांचाही परिणाम होतो, त्यामुळे चष्मा आणि श्रवणयंत्र घालूनच बसवा. टेस्टमध्ये थोडं कमी आलं पण स्वतःचे व्यवहार नीट चालतायत, याला सौम्य आकलनदोष म्हणतात. असे सगळेच पुढे डिमेन्शियाकडे, म्हणजे रोजचे व्यवहारही जमेनासे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाकडे, जात नाहीत, काहीजण तसेच राहतात, काही सुधारतात.

केबिनमध्ये पेशंट एकदम टवटवीत वागतात आणि 'मला काही झालेलं नाही' म्हणतात, हे ठरलेलंच, त्यामुळे नोंदींचा कागद आधीच आत पाठवा, आणि पुढच्या तपासणीची तारीख घेतल्याशिवाय निघू नका.