तीन मॉनिटरवर व्हिडिओ संपादन: ग्राफिक्स कार्ड निवडताना आलेला माझा अनुभव

माझ्याकडे संपादनासाठी तीन फोर-के मॉनिटर आहेत. एकावर टाइमलाइन (क्लिप क्रमाने मांडण्याची पट्टी), दुसऱ्यावर क्लिपची यादी आणि तिसऱ्यावर पूर्ण पडद्यावरील चित्र. जुन्या कार्डावर टाइमलाइन सतत अडखळत असे आणि तिसऱ्या मॉनिटरवर माऊसचा बाणसुद्धा तुटक सरकत असे.

बाणाचे कारण लवकर सापडले. तो मॉनिटर कार्डाच्या एचडीएमआय 1.4 पोर्टला जोडलेला होता आणि त्या पोर्टची मर्यादा फोर-केला 30 हर्ट्झ (सेकंदाला 30 चित्रे) इतकीच असते. डिस्प्लेपोर्टला जोडताच 60 हर्ट्झ मिळाले.

अडखळण्याचे कारण मात्र खोलवर होते. मॉनिटर वाढले की कार्डाची मेमरी संपते, असे अनेकांना वाटते. पण फोर-केची, म्हणजे 3840 × 2160 पिक्सेलची, एक फ्रेम (पडद्यावरचे एक चित्र), प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट धरले तरी, सुमारे 33 मेगाबाइटच भरते. खरा भार कॅमेऱ्याच्या 10-बिट 4:2:2 एचईव्हीसी फाइलींचा होता (एचईव्हीसी ही व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत, तर 10-बिट 4:2:2 म्हणजे त्यात रंगांची जास्त माहिती). हे स्वरूप जुन्या कार्डातील डिकोडरला उलगडता येत नसल्यामुळे सगळे काम प्रोसेसरवर पडत होते, आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख प्लेबॅक सुरू असतानाही शून्यावर राहत होता.

म्हणून मी एनव्हिडियाच्या आरटीएक्स 50 मालिकेतील 16 गिगाबाइटचे कार्ड निवडले, कारण या मालिकेत 4:2:2 डिकोडिंगची सोय आहे. मेमरी जास्त घेतली ती नॉइज रिडक्शनसाठी (चित्रातील दाणे कमी करण्यासाठी), मॉनिटरसाठी नव्हे. आता तोच आलेख हलतो आणि प्रॉक्सी फाइली (संपादनापुरत्या हलक्या प्रती) न बनवता टाइमलाइन सलग चालते.