मुलीचं नाव ‘इरा’ ठेवताना

नाव अमरकोश या संस्कृत शब्दकोशाइतकं जुनं आहे, वापर मात्र अलीकडचा. अमरकोशात इराचे चार अर्थ दिलेत: भू, वाक्, सुरा आणि अप्. म्हणजे जमीन, वाणी, दारू आणि पाणी. वाणीवरून पुढे सरस्वती. नावांच्या याद्यांतून तिसरा अर्थ गुपचूप गाळलेला असतो. त्याने बिघडत काही नाही, पण सोयरेधायऱ्यांत एखादा संस्कृतचा मास्तर निघाला तर आधी माहीत असलेलं बरं. इरावती याच शब्दापासून, म्हणजे पाण्याने भरलेली. रावी नदीचं संस्कृत नाव तेच. इरावती कर्व्यांचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशातला, म्हणून तिथल्या इरावतीवरून त्यांचं नाव. आजचं इरा हे बहुतेकांच्या कानाला त्याचंच आखूड रूप वाटतं. दोन अक्षरं आणि जोडाक्षर नाही, म्हणून ते चाललं.

पत्रिकेवरून अक्षर काढत असाल तर कृत्तिकेच्या दुसऱ्या चरणाला, म्हणजे वृषभ राशीला, ‘ई’ येतं. पंचांगात ऱ्हस्व-दीर्घ एकच धरतात. लिहिताना मात्र ‘इरा’ ऱ्हस्वच. ‘ईरा’ लिहिलं की शब्दच बदलतो.

नाव पक्कं करण्याआधी ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून चार वेळा, लांबून हाक मारल्यासारखं म्हणवून घ्या. आपल्याकडे गावबोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘वि’ गळतो: विंचवाचा इच्चू होतो, विळ्याचा इळा. म्हणून ‘विरा’ ठेवलं तरी आजीच्या तोंडी इराच होणार. आणि इराचंच वैदिक भावंड ‘इळा’ ठेवायचं मनात असेल तर सोडून द्या. परभणी-बीडकडे शेतात त्याचा अर्थ एकच. ‘ण’चा ‘न’ होतो, त्यामुळे मृण्मयी, प्रणाली ही नावंही याच परीक्षेत अडकतात. इराला हा त्रास नाही. लाडाने फार तर ‘इरू’ होईल.

खरी गफलत कागदावर होते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, आणि दवाखान्यातला फॉर्म घाईत भरताना कुणी इंग्रजीत एक ‘आय’ लिहितं, कुणी दोन ‘ई’. मग दाखल्यावर एक, आधारवर दुसरं. बारसं बाराव्या दिवशी असो की सव्वा महिन्याने, तोवर नावाचा रकाना मोकळा ठेवता येतो. नोंद झाल्यापासून 12 महिन्यांत नाव फुकट चढवता येतं. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. गावात हे काम ग्रामपंचायतीत होतं, शहरात पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. मोकळा रकाना भरणं सोपं, भरलेला बदलणं जिकिरीचं. इंग्रजी अक्षरं आय, आर, ए अशी कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका, आणि दाखला हातात घेतल्यावर खिडकीपाशीच वाचा. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागतो.