पुरीमला घरोघरी जाणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

ठाणे, भायखळा, पनवेल, अलिबाग, रेवदंडा. आपली बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं आता फार विखुरली आहेत. एखाद्या सोसायटीत आपलं एकच घर असतं, त्यात आजी एकट्या, आणि मुलं-नातवंडं इस्रायलमध्ये, अश्दोदला किंवा दिमोनाला. अशा घरांत पुरीम, म्हणजे एस्तेर राणीने ज्यूंना वाचवलं त्याचा सण, पोचवायचं काम मी काही वर्षं करते आहे. यंदा पहिल्यांदा येणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते.

आपण कुणाचा धर्म बदलायला जात नाही, हे शेजाऱ्यांनी विचारलं तर मोकळेपणाने सांगा. जातो ते आपल्याच माणसांकडे, ज्यांना सिनेगॉगपर्यंत येणं झेपत नाही किंवा ज्यांच्या घरून सणच सुटला आहे. ही पद्धत जगभर पसरवली ती विसाव्या शतकात ब्रुकलिनच्या मेनाखेम मेंडेल श्नीरसन यांच्या अनुयायांनी. पण आपल्यालाही ती परकी नाही. कोचीनच्या दावीद रहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं आणि ते काझी, म्हणजे धर्म शिकवणारे, कोकणात गावोगाव फिरले, असं आपली परंपरा सांगते. आपल्यापर्यंतही धर्म कुणीतरी दारात आणूनच दिलेला आहे.

पुरीमला चार गोष्टी करायच्या असतात. रात्री आणि दिवसा मेगिल्ला, म्हणजे एस्तेरचं पुस्तक, ऐकणं, ओळखीच्या घरी खाऊ पाठवणं, गरिबांना दान देणं आणि दिवसाउजेडी सणाचं जेवण. एस्तेरच्या नवव्या अध्यायातच खाऊ आणि दान यांचा उल्लेख आहे. खाऊ म्हणजे मिश्लोआख मानोत : तयार खाता येतील असे निदान दोन पदार्थ, निदान एका माणसाला. दान म्हणजे मत्तानोत ला-एव्योनीम : निदान दोन गरजूंना, त्याच दिवशी. मध्ययुगातले मोठे धर्मपंडित रामबाम यांनी तर लिहून ठेवलं आहे की जेवणावर आणि खाऊवर खर्च करण्यापेक्षा दानावर जास्त खर्च करावा. त्या दिवशी हात पुढे करणाऱ्याची चौकशी करत बसायचं नाही, हाही नियमच आहे.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते. ही कर्तव्यं सगळ्यांवर आहेत. स्वतः दानावर जगणाऱ्यानेही पुरीमला दुसऱ्या गरजूला द्यायचं असतं. म्हणजे आजींच्या हातात पिशवी ठेवून, फोटो काढून आपण निघालो, तर त्यांनी फक्त घेतलं. त्यांचं देणं राहूनच गेलं. आयुष्यभर शेजारणीचा डबा कधी रिकामा परत न पाठवलेल्या बायका आहेत या. त्यांना नुसतं घ्यायला लावणं मला बरोबर वाटत नाही.

म्हणून प्रत्येक घरासाठी दोन पिशव्या न्या. एक त्यांना द्यायची. दुसरीही त्यांच्याच हातात द्या, ती त्यांची झाली म्हणा आणि विचारा, "ही कुणाला पाठवायची?" ठाण्यातले एक आजोबा चाकाच्या खुर्चीत बसून असत, आम्ही बोललो तर मान हलवत, बस. हा प्रश्न विचारल्यावर म्हणाले, "पोरी, रेल्वेत माझ्याबरोबर होता तो, पलीकडच्या गल्लीत राहतो. त्याला दे. आणि सांग, मी पाठवलंय." त्या घरी पिशवी पोचली तेव्हा तिकडून उलट निरोप आला, मग फोन लागला आणि दोघं कितीतरी वेळ बोलत राहिले. मिश्लोआख मानोत दुसऱ्याच्या हाती पाठवलेलं अधिक चांगलं असं मानणारे पुष्कळ आहेत, तेव्हा निरोप्या होणं हे तुमचं खरंखुरं काम आहे. दानाचंही तसंच. पेटी पुढे धरा, त्यांच्या हातानेच नाणी पडू द्या, अगदी दोनच असली तरी.

पिशवीत काय भरायचं, तर दुधा-तुपाचं काही नको. मटणाबरोबर दुधाचं आपण खात नाही, म्हणून घरात मटणाचं जेवण असेल तर ते बाजूलाच पडेल. नारळाच्या दुधाचा हलवा, तेलावरची पुरणपोळी, केळी, खजूर हे चालतं. मधुमेह असलेल्यांसाठी चिवडा आणि फळ वेगळं काढून त्यावर नाव लिहा.

मेगिल्ला चर्मपत्राच्या गुंडाळीतूनच वाचावी लागते, छापील पुस्तकातून नाही, आणि बहुतेक रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, मते फोनवरून किंवा रेकॉर्डिंगवरून ऐकलेली चालत नाही. म्हणून वाचता येणारा माणूस बरोबर हवाच. पुरुषांइतकीच ती बायकांनीही ऐकायची असते, हे आजींना आवर्जून सांगा. स्वयंपाकघरात आवराआवर करत त्या मागे राहतात. पहिल्या आशीर्वादापासून शेवटापर्यंत मध्ये बोलायचं नाही आणि प्रत्येक शब्द कानावर पडला पाहिजे. मागचे शब्द निसटले तर छापील प्रतीतून पटकन पुटपुटून वाचकाला गाठायचं, म्हणून एक प्रत त्यांच्या मांडीवर ठेवा. दहा अध्याय आहेत, चांगला वाचणाराही अर्धा-पाऊण तास घेतो. तेव्हा आधी पाणी, औषध, बाथरूम उरकून घ्या, टीव्ही बंद करा. ज्यूंच्या जिवावर उठलेल्या हामानचं नाव आलं की गोंगाट करायचा, पण हॉस्पिटलात खुळखुळे नकोत, पाय आपटला तरी पुरे. सुरुवातीलाच "होदूपासून कूशपर्यंत" असं येतं. होदू म्हणजे आपला हिंदुस्थान, त्यामुळे तिथे आजीआजोबांच्या चेहऱ्याकडे जरूर बघा.

आपली जुनी माणसं पुरीमला होळीचा सण म्हणत. दोन्ही सण पौर्णिमेच्या आसपासचे, आणि 2025 मध्ये तर 14 मार्चला पुरीम आणि धुळवड एकाच दिवशी आले. असं झालं तर सकाळी लवकर निघा. मेगिल्लेची शाई पाण्याने फुटते, म्हणून गुंडाळी डब्यात, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी अंगाशी. त्या वर्षी वार शुक्रवार होता, त्यामुळे संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, तयारीआधी म्हणजे सकाळीच जेवण उरकायचं होतं. वार कोणता येतो ते आधी बघूनच घरांची यादी करा, आणि एका जोडीकडे थोडीच घरं द्या. घाईघाईत दहा घरं गाठण्यापेक्षा चार घरी बसणं मला जास्त मोलाचं वाटतं.

दिवस मावळण्याआधी स्वतःचं जेवणही करा. ते कर्तव्य तुमच्यावरही आहे, आणि उपाशी पोराला दारातून परत पाठवणारी आजी मला अजून भेटलेली नाही.

निघताना वहीत लिहून घ्या : कुणाला मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, लागेल, कुणाला घरातलं खमीर काढायला मदत हवी, सेदरच्या, म्हणजे पेसाखच्या पहिल्या जेवणाच्या, रात्री कोण एकटं असणार. पेसाखला, म्हणजे वल्हांडणाला, महिनाच उरलेला असतो.