दक्षिण आशियाई भाषांच्या अभ्यासाला निघण्यापूर्वी

दक्षिण आशियातील भाषा आणि संस्कृती हा विषय घेऊन पुढे शिकू पाहणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या विद्यार्थ्याने आधी एका कागदावर आपल्याला येणाऱ्या भाषा लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती केवळ कळते, बोलता येते, छापील वाचता येते की हस्तलिखितही वाचता येते, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी दखनी ऐकत वाढल्यामुळे आपण भाषांचा आकडा जरा सढळ हाताने सांगतो. परंतु बसवरची कन्नड पाटी वाचणे निराळे आणि कन्नड वृत्तपत्रातला अग्रलेख वाचणे निराळे. कन्नडमध्ये ए आणि ओ या स्वरांना ऱ्हस्व व दीर्घ अशी स्वतंत्र अक्षरे आहेत, आणि देवनागरीला सरावलेली नजर नेमकी तिथे अडखळते. अर्जाच्या वर्षभर आधीपासून रोज पानभर कन्नड मोठ्याने वाचावे.

पदवीसाठी एवढी पूर्वतयारी बहुधा पुरते. मराठी, कन्नड, संस्कृत किंवा इतिहास घेऊन धारवाड, कोल्हापूर, पुणे येथे शिकता येते. १९१६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या सोआससारख्या (स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज) संस्थेचा विचार असेल, तर खर्चाचा हिशेब आधी घरच्यांसमोर मांडावा.

पीएच.डी.चे गणित वेगळे आहे. अमेरिकेत विद्यावेतनासह पाच-सहा वर्षे धरावी लागतात आणि बरेच अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. जर्मनीत, उदाहरणार्थ हायडेलबर्गला, मार्गदर्शक मिळवण्याचे काम आधी उरकावे लागते. शिफारसपत्रे देणाऱ्या प्राध्यापकांना निदान दोन महिने आधी भेटावे, लेखनाचा नमुना म्हणून स्वतःचा सर्वांत नेटका निबंध निवडावा आणि जर्मन किंवा फ्रेंच निदान वाचण्यापुरती शिकायला लागावे. अर्जासोबतच्या उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) १९५६ च्या राज्यपुनर्रचनेचा इतिहास सांगण्यात अर्धे पान घालवण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो (मलाही झाला होता). त्याऐवजी, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत रंगभूमीचे कन्नड रंगभूमीशी काय देणेघेणे होते, असा एखादाच नेमका प्रश्न मांडावा.

प्रमाणपत्रांवरची नावे जुळतात का, हे पाहावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आद्याक्षरे, पासपोर्टवर वडिलांचे पूर्ण नाव आणि आधारवर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग, हा प्रकार सीमाभागात घरोघरी सापडतो व तो निस्तरण्यात महिने जातात.

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, शिकणे मात्र टाळू नये. ओळभर शिरोरेघ आधी ओढून तिला लोंबणारी, ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पर्वा न करणारी ती अक्षरे पहिल्या दिवशी सगळी सारखीच दिसतात. सरावासाठी घरच्या ट्रंकेतले पणजोबांचे खरेदीखत उत्तम, कारण त्यातली गावाची व माणसांची नावे आपल्याला ठाऊक असतात आणि त्यांच्या आधाराने बाकीची अक्षरे ओळखता येतात. कागद घड्यांवर विरलेला असतो. उलगडल्यावर लगेच त्याचे स्वच्छ छायाचित्र काढावे आणि पुढचे वाचन त्यावरूनच करावे.