घरच्या लिनक्सवर घरच्यांची फिरकी कशी घ्यायची

आमच्याकडे हॉलमध्ये एकच डेस्कटॉप आहे, लिनक्स मिंटवाला, आणि लॉगिन पण सगळ्यांचं एकच, म्हणजे फिरकी घ्यायला रान मोकळंच. आधी गुपचूप त्यावर ओपनएसएसएच-सर्व्हर (एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या कंप्युटरवरून, कमांड देऊ देणारा प्रोग्राम) टाकून ठेवा, मग त्याच वायफायवर तुमच्या लॅपटॉपवरून आतल्या खोलीत लोळत लोळत सगळं करता येतं.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ईस्पीक-एनजी, लिहिलेलं वाक्य मोठ्याने बोलून दाखवणारा प्रोग्राम. एपीटीने (प्रोग्राम टाकायची मिंटची कमांड) इन्स्टॉल होतं आणि गंमत म्हणजे त्याला मराठी येतं! कमांडपुढे वजा व्ही, मग एमआर, आणि पुढे कोट्समध्ये वाक्य सरळ देवनागरीत. आवाज एकदम रोबोटसारखा चिरका, पण कळतं. बाबा ई-पेपर वाचत बसले होते, मी आतून पाठवलं "अहो, दूध उतू जातंय", बाबा धावत स्वयंपाकघरात, बघतात तर गॅस बंद, पातेलं फ्रीजमध्ये आणि आई भाजी आणायला गेलेली. दुसऱ्यांदा केलं तर त्यांनी स्पीकरची वायरच उपटली, त्यामुळे रोज रोज नको.

मग ओनेको. माऊसच्या बाणामागे छोटंसं मांजर पळत सुटतं आणि बाण थांबला की तेही बसतं, जरा वेळाने झोपतं. एसएसएचमधून लावताना डिस्प्ले व्हेरिएबलला (कुठल्या स्क्रीनवर दाखवायचं ते सांगणारं) कोलन शून्य द्या नाहीतर डिस्प्ले सापडत नाही म्हणून रडतं. बंद करायला किलऑल ओनेको. हा प्रँक आमच्याकडे फसला कारण आजीला ते मांजर एवढं आवडलं की आता नसलं की विचारते, आज कुठे गेलं गं ते.

भाऊ कॉलेजात कोडिंग शिकतोय त्याच्यासाठी एसएल. घाईत एलएसची (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) अक्षरं उलटी पडली की स्क्रीनवरून वाफेचं इंजिन धडधडत जातं, १९९३ पासूनचा जुना विनोद आहे हा. तो चुकतच नाही म्हणून मी बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडलं की वाचली जाणारी सेटिंगची फाइल) एलएसलाच एसएलचं एलियास करून टाकलं, म्हणजे एलएस बरोबर टाइप केलं तरी एसएलच चालतं. स्क्रिप्टना याचा त्रास होत नाही, फक्त हाताने टाइप केलं की गाडी येते.

फाइलींना मात्र हात लावायचा नाही, आणि कोणी ऑनलाइन फॉर्म भरत असेल तेव्हा तर अजिबात काही नाही. आणि ती एलियासची ओळ नंतर आठवणीने काढा. मी विसरले, लॉगिन एकच, सोमवारी सकाळी ऑफिसची एक फाइल घाईघाईत शोधताना मलाच गाडी आडवी गेली, ती कंट्रोल-सीने पण थांबत नाही, आणि भाऊ मागे उभा राहून शिट्टी वाजवतोय.